आईच्या हृदयाची भिंत

नमस्कार श्रोतेहो. आम्ही इंदूरच्या रामबागेतले. आमच्याकडे पोहे म्हटले की वर मूठभर शेव आणि चिमूटभर जिरावण मसाला हवाच. आईच्या हृदयाची झडप बदलून जेमतेम दीड महिना झाला होता. एका सकाळी तिने शेवेचा डबा पुढे ओढला आणि म्हणाली, "नवी झडप बसली ना गं? मग आता पथ्य कसलं?"

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते, तरी त्या क्षणी तिला नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं, त्या दारावरची ही झडप. निरोगी माणसात ती 3 ते 4 चौरस सेंटीमीटर उघडते. आईची कॅल्शियम साचून एकाच्याही आत आली होती. एवढ्याशा फटीतून सगळ्या अंगाचं रक्त लोटायचं, म्हणून त्या कप्प्याच्या भिंतीचा स्नायू जाड होत गेला. एरवी सेंटीमीटरभर असणारी भिंत तिच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, 15 मिलिमीटर भरली. पहिलवानाचा दंड कमावलेला असतो. ही भिंत मात्र ताठर होते, धड सैल पडत नाही, आणि मग जिना चढताना धाप लागते.

यात संप्रेरकांचा मोठा हात असतो. ताण पडला की अँजिओटेन्सिन स्नायूपेशींना वाढायला लावतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणारं अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी धरून ठेवतं, शिवाय स्नायूत चिवट तंतू वाढायला मदत करतं. याच्या उलट काम करणारं संप्रेरक हृदय स्वतःच बनवतं. 1981 मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि त्यांच्या लघवीवाटे भराभर मीठ-पाणी बाहेर पडलं. हृदय ही ग्रंथीसुद्धा आहे, हे वर्गात सांगताना मला आजही भरून येतं.

आता आईचा प्रश्न. झडप बदलली की दार त्याच दिवशी मोकळं होतं, पण भिंत ओसरायला महिने लागतात. बरीचशी पहिल्या वर्षात ओसरते, तंतू मात्र पुष्कळ काळ रेंगाळतात. त्यात रक्तदाब चढा राहिला, तर दार उघडं आणि पुढचा रस्ता तुंबलेला, अशी गत होते. म्हणून बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सोडू नका हो! मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, आणि त्यात शेव, पापड, लोणचं सगळं धरायचं. बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, त्यात बहुधा पोटॅशियम असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढतं, तेव्हा ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

वर्षाने पुन्हा इको झाला. भिंत 12 मिलिमीटर. आईने कागद दोनदा वाचला आणि घडी करून देवघरात ठेवला. पोह्यांवर आता ती लिंबू पिळते, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे घालते. जिरावणाची बाटली तिने स्वतःच वरच्या फळीवर ठेवून दिली आहे.