इंजिन पास, गाडी नापास

[दृश्य: कापूस वेचणीचे दिवस. दारव्हा–आर्णी रस्ता, सकाळ.]

नोव्हेंबर महिना. रस्त्यावर शेताकडे निघालेली वर्दळ. एखादा ट्रॅक्टर, दोन-चार बैलबंड्या, आणि बाकी सगळ्या मोटारसायकली. शंभर सीसीच्या, एम.एच. २९ म्हणजे यवतमाळच्या पाटीच्या. एकटा माणूस बसलेली गाडी शोधावी लागेल. मागे घरची बाई, मधे पोरगं, टाकीवर आडवा फवारणीचा पंप, हँडलला पाण्याची कॅन. संध्याकाळी परतताना याच गाडीवर कापसाचं बोचकं येईल, नाहीतर ढोरांसाठी वैरणीचा भारा.

गाडी कशी आहे, असं मालकाला विचारा.

[शेतकरी, कॅमेऱ्याकडे न बघता]
"काई तक्रार नाई बाप्पा. पंधरा वर्सं झाले, एक किक मारली का चालू. रस्त्यात कधी धोका देल्ला नाई."

माणूस खोटं बोलत नाही. गाडी खरंच बंद पडत नाही. पण हीच गाडी पुढच्या महिन्यात आरटीओच्या मैदानावर नेली तर पास होईल, असं छातीठोकपणे सांगणारा मिस्त्री या पट्ट्यात सापडणं कठीण आहे.

[शीर्षक]

खासगी गाडीची नोंदणी जन्मभराची असते, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. कर एकरकमी भरलेला असतो, त्यामुळे तसं वाटतं. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ही नोंदणी पंधरा वर्षांपुरतीच आहे. त्यानंतर गाडी निरीक्षकाला दाखवायची, ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असं त्याला पटलं, की पुढची पाच वर्षं मिळतात. मग परत पाच. अर्ज फॉर्म नंबर २५वर, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत. १ एप्रिल २०२२पासून मोटारसायकलची ही फी ३०० रुपयांवरून १००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५च्या ऑगस्टपासून २०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गावात या सगळ्याला एकच शब्द आहे : पासिंग.

२०१०-११च्या सुमारास घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत. फाट्यावरच्या मिस्त्रीकडे सध्या रांग आहे ती अशाच गाड्यांची.

[दृश्य: फाट्यावर टिनाचं शेड. जमीन ऑइलने काळी. एक गाडी मेन स्टँडवर.]

या गाडीचं इंजिन एवढं टिकतं कसं, ते आधी बघू. १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली, १९९४मध्ये स्प्लेंडर. दोन्हींचं इंजिन ९७.२ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. त्यात बिघडायला फार काही नाहीच. ऑइल लिटरभरसुद्धा लागत नाही. चाळीसच्या वेगानं, न ताणता चालवलेलं असं इंजिन वर्षानुवर्षं निघतं, हे सगळ्या विदर्भानं अनुभवलेलं आहे.

पण या इंजिनाची आणखी एक खुबी आहे, आणि माझ्या मते नापास होण्याचं मूळही तिथंच आहे. अशा जुन्या किकच्या गाडीत प्लगला ठिणगी मिळते ती इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून, थेट. बॅटरीची गरज नाही. समोरचा दिवाही मॅग्नेटवरच जळतो, म्हणून तर रेस दिली की उजेड वाढतो आणि सोडली की मंदावतो. बॅटरीवर चालतं ते हॉर्न, इंडिकेटर आणि मागचा ब्रेक लाइट.

आता यवतमाळ-चंद्रपूरचा मे महिना घ्या. पारा पंचेचाळीसला टेकतो. गाडी दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उन्हात उभी. बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, कोणी पाणी टाकत नाही, आणि बॅटरी एक दिवस मरते. ते मालकाला कळतही नाही. किक मारली, गाडी सुरू झाली. रात्री दिवाही लागला. हॉर्न वाजत नाही, पण पांदणीत, शेताकडच्या कच्च्या वाटेवर, हॉर्न कोणाला वाजवायचा आहे? इंडिकेटर तर आधीच तुटलेले. ब्रेक लाइट स्वतःच्या पाठीमागे असतो, तो लागतो की नाही हे चालवणाऱ्याला दिसायचं कारणच नाही.

[मिस्त्री]
"बॅटरी टाका म्हटलं का म्हणतेत, गाडी तर चालते न भाऊ, काऊन टाकू? इंजिन चांगलं आहे हेच दुखनं आहे याइचं. इंजिन बंद पडलं असतं, तं गाडी माह्याकडे आली असती न."

[दृश्य: पांदण रस्ता. पावसाळ्यात घेतलेलं चित्रीकरण.]

पांदणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गाडीची खरी परीक्षा तिथं होते, मैदानावर नाही. काळी माती कोरडी असली की भेगाळते आणि दगडासारखी कडक होते. पाऊस पडला की तीच माती चाकाला चिकटायला लागते. मडगार्ड आणि टायर यांच्यामधे ती इतकी घट्ट बसते की पुढचं चाक फिरणंच थांबतं. मग उतरायचं, तुऱ्हाटीनं, म्हणजे तुरीच्या काडीनं, माती कोरून काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. कंटाळून काही जण पुढचं मडगार्डच काढून टाकतात किंवा वर उचलून बांधतात. चेनला या मातीचा लेप बसतो. वाळला की तो पॉलिश पेपरचं काम करतो आणि चेन-स्प्रॉकेट खाऊन टाकतो. सोयाबीन निघताना कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा, कापसाच्या दिवसांत तंतू, हे सगळं एअर फिल्टरमध्ये.

आणि ओझं. गाडी दोन माणसांसाठी बनवलेली. तिच्यावर दुधाच्या कॅना, खताची पोती, दोन-दोन सिलिंडर. हे सगळं सोसतो तो मागचं चाक धरणारा चिमटा आणि पुढचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग.

[दृश्य: मिस्त्रीचे हात. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं.]

कोनसेट गेला की नाही हे बघायची रीत साधी आहे. गाडी मेन स्टँडवर, मागे जरा दाबून पुढचं चाक अधांतरी करायचं. मग दोन बोटांनी हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचं. चांगला असेल तर हँडल आपोआप सरकतं. गेलेला असेल तर बरोबर मधे, सरळ रेषेत, ते खट्‌कन अडतं. पंधरा वर्षांत खड्ड्यांचे जे धक्के बसले, ते बसताना हँडल बहुतेक वेळा सरळच होतं. त्यामुळे बॉलनी वाटीत त्याच जागी खळगे पाडले. अशी गाडी सरळ चालवताना हँडल धरून ठेवल्यासारखं वाटतं. मालकाला मात्र त्याची सवय झालेली असते. त्याला दुसऱ्याची चांगली गाडी हातात आली तर तीच डोलते, असं वाटतं!

आता ब्रेक. या गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम. ड्रमच्या झाकणावर, जिथून ब्रेकची दांडी बाहेर येते, तिथं एक छोटा बाण असतो आणि शेजारी खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला, की लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचं घासणारं अस्तर, संपले. कंपनीनं दिलेली ही सोय फार थोड्या मालकांनी पाहिलेली असते. त्याऐवजी काय होतं? ब्रेक ढिला लागला की मागचा नट दोन फेरे आवळायचा. पुन्हा ढिला, पुन्हा दोन फेरे. एक दिवस आटे संपतात.

[क्लोज-अप: ब्रेकचा रॉड. नट शेवटच्या आट्यावर.]

इथं नट अगदी टोकाला आहे. आत लायनर कागदाएवढं पातळ उरलंय, आणि कॅम इतका फिरलाय की दांडी जवळजवळ आडवी झाली आहे. पायाचा जोर लावला तरी शूपर्यंत तो पुरता पोचत नाही. ही गाडी काल तिघांना घेऊन घाट उतरून आली.

[दृश्य: तपासणीचं मैदान. गाड्यांची रांग. चेहरे दाखवू नयेत.]

मैदानावर निरीक्षकाकडे एका गाडीसाठी फार वेळ नसतो. पण अनुभवी नजरेला तो पुरतो. हॉर्न वाजवा. ब्रेक दाबा, मागे दिवा लागला का? इंडिकेटर. आरसा. टायरच्या खाचांत रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर घासून त्यांच्या पातळीला आलं की ते बाद. मागचा टायर गुळगुळीत आणि पुढचा नवा, असं इकडे हमखास दिसतं. निम्म्या गाड्यांची भानगड हॉर्न-दिव्यांपाशीच सुरू होते, म्हणजे पुन्हा त्या बॅटरीपाशी.

नंबर प्लेटचं प्रकरण निराळंच. ४१४१ हा नंबर 'दादा' असा वाचता येईल अशा बेतानं लिहून घेण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. ती आता संपणार, कारण १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, दोन-तीन सुरांचा हॉर्न, डोळे दिपवणारा पांढरा एलईडी, हे काढून ठेवूनच गाडी मैदानावर येते आणि घरी गेल्यावर परत बसते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

सारी गार्ड बघा, म्हणजे मागच्या चाकाशेजारची जाळी. दूधवाले ते सगळ्यात आधी काढतात, कॅन नीट टांगता येत नाही म्हणून. नियम १२३ सांगतो, मागे बसणाऱ्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. हा नियम नऊवारी-पाचवारी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायांसाठी आहे. पदर आऱ्यांमध्ये गेल्याचे किस्से इथं गावोगाव ऐकायला मिळतात. त्यामुळे आरशासाठी गाडी अडवली तर मी फार वाद घालणार नाही, पण सारी गार्डवरून अडवली तर निरीक्षकाच्या बाजूनं बोलेन.

पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, अडकणाऱ्या गाड्यांना मिस्त्री बहुतेक वेळा इंजिन न उघडताच सोडवतो. २०१०च्या आसपासच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम. फिल्टर धुरळ्यानं बुजला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि आकडा वर. फिल्टर बदला, कार्बोरेटर साफ करा, हवेचा स्क्रू नीट लावा. निळसर धूर असेल तर मात्र पिस्टन-रिंगचं काम निघालं.

सगळ्यात चिवट अडचण चेसिस नंबरची. हँडलच्या खाली, फ्रेमच्या गळ्यावर तो कोरलेला असतो. त्याच्यावरून वायरा आणि केबली वर्षानुवर्षं घासतात, घामाचं आणि पावसाचं पाणी मुरतं, गंज चढतो. निरीक्षकाला कागदावर पेन्सिलनं त्याचा ठसा हवा असतो. मग मैदानाच्या कडेला कोणीतरी उत्साहानं पॉलिश पेपर काढतो आणि उरलेसुरले आकडेही घासून टाकतो. मिस्त्रीचा सल्ला : रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवा, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलके पुसा. पेपर लावू नका.

[दृश्य: सेतू केंद्र. आर.सी.ची प्रत, विम्याचा कागद.]

गाडी ठीक निघाली तरी कागद उरतातच. वडील वारले, गाडी मुलगा चालवतो, आर.सी. अजून वडिलांच्या नावावर. वारसानं नाव चढवायला वेगळा फॉर्म आहे, ३१ नंबरचा. तो भरलेला नसतो. काहींच्या आर.सी.वर फायनान्सचा बोजा तसाच. हप्ते कधीच फिटले, पण एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो कमी करून घ्यायचा राहिला. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा उतरवायला तहसीलच्या दहा चकरा मारणारा माणूस गाडीच्या कागदाकडे ढुंकून बघत नाही, कारण या कागदावर कर्ज मिळत नाही. विम्याचंही तेच. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पाच वर्षं डोक्याला ताप नाही, आणि सहाव्या वर्षी आठवण करून द्यायला कोणी नाही.

[दृश्य: फाटा, दिवस मावळताना. दुरुस्त झालेली गाडी.]

सकाळच्या त्या शेतकऱ्याची गाडी मिस्त्रीनं संध्याकाळी उतरवून दिली. नवी बॅटरी, ब्रेक लायनर, कोनसेट, हॉर्नची वायर, मागचा बल्ब, एक आरसा. सारी गार्ड भंगारातल्या गाडीची, पण घट्ट बसली. इंजिनाला हात लावला नाही, फक्त ऑइल बदललं. बाहेर आलं ते डांबरासारखं.

[शेतकरी, हँडल फिरवून बघत]
"हे तं लयच हल्कं झालं. पडीन मी."

शेडमध्ये शेजारी एक २०२१ची गाडी उभी आहे. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची. तिचा दिवा कायम जळतो, पेट्रोल ढकलायला आत विजेवरचा पंप आहे, आणि बॅटरी उतरली तर ती जुन्या गाडीसारखी मुकाट्यानं चालत राहत नाही. मालक तिला वैतागलेला आहे. मिस्त्री मात्र खूश दिसतो.

[मिस्त्री, हसत]
"हिले छत्तीस सालीच पासिंग लागते. पन बॅटरी टाकाले आताच आनली न तिनं तुमाले माह्या दारात."