पोटमाळ्यावरचे गठ्ठे

मंडळी, आपण ख्रिस्ती लेखक. पुस्तकं लिहिण्या-विकण्याबद्दल सकाळपासून तुम्ही बरंच ऐकलंत, म्हणून मी थेट पोटमाळ्यावर येतो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या पाचशे प्रती छापल्या. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्याच हॉलमध्ये प्रकाशन. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चहा-वडे झाले, सव्वाशे प्रती गेल्या. त्यातल्या निम्म्या मीच सही करून फुकट वाटल्या. बाकीचे गठ्ठे पोटमाळ्यावर. तीन पावसाळ्यांनी खाली काढले तर वरच्या गठ्ठ्याला कसर लागलेली.

वितरक चाळीस टक्के घेतो आणि पुस्तक हलवत नाही, हे रडगाणं मी वर्षभर गायलो. मग शेजारच्या काकूंनी त्यांची प्रत परत आणून दिली. काकू पंढरीच्या वारकरी. म्हणाल्या, "बरं लिहितोस रे. पण तुझी आई गेली त्या रात्रीचं काय? ते कुठंच नाही." खरंच नव्हतं. 'प्रभूने सामर्थ्य पुरविले' या एका वाक्यात मी ती रात्र उरकली होती. प्रत्यक्षात मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ग्लुकोज बिस्किटांचा अख्खा पुडा खाल्ला होता आणि प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता. साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, बिघडेल म्हणून ते गाळलं.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली. नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाल्यावर उडालेला हाहाकार, स्वतःचं सोवळं, टिळकांचा विक्षिप्तपणा, सगळं आहे त्यात, आणि तेही हसत हसत. आजही ते पुस्तक वाचणारे बहुतेक ख्रिस्ती नाहीत. बाई कोणाला काही पटवायला बसलेल्याच नाहीत, म्हणून वाचक बसून राहतो.

फादर स्टीफन्स तर जन्मानं इंग्रज. पण गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांच्या कानांना पुराणाची सवय, हे त्यांनी ओळखलं आणि हजारो ओव्या रचल्या. देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते, म्हणून 1616 साली 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं. लिपी उसनी चालली, पण चाल ओवीचीच ठेवली. आपण मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या बायबलच्या भाषांतराची मराठी लिहितो. घरात कोण म्हणतं हो, 'मी हर्षभरित झालो'?

विक्रीचं थोडक्यात सांगतो. मलपृष्ठावर पाळकांचा आशीर्वाद नको, पुस्तकातला एखादा जिवंत परिच्छेद टाका. तालुक्याच्या वाचनालयात स्वतः जा, ग्रंथपालांच्या हातात प्रत द्या. फुकट वाटू नका, फुकटचं पुस्तक टीव्हीखाली जातं. नाताळच्या आधी स्टॉल लावायचाच, पण फक्त चर्चच्या आवारात नको. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. मराठी वाचकाचं दार आपल्याला बंद आहे, ही सबब आता पुरे. आणि मुद्रितशोधनाला पैसे मोजा. माझ्या पुस्तकात 'पाळक'चा 'पालक' झाला होता, चौदा ठिकाणी.

दुसऱ्या आवृत्तीत मी जिना घातला, बिस्किटांसकट. दोनशेच प्रती काढल्या. काकूंनी त्यांच्या भिशीत सहा खपवल्या आणि पैसे पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यातून आणून दिले. पन्नास रुपये कमी होते. विचारलं तर म्हणाल्या, "एकीला सवलत दिली, तिची सून आजारी आहे."