सव्वा वार शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

परवा रात्री आईला फोन केला. "काय गं, कशी आहेस?" तिनं विचारलं आणि मी म्हटलं, "मजेत." एवढा एकच शब्द. तिकडून क्षणभर काही नाही. मग म्हणाली, "जेवली नाहीस ना अजून? आवाज का असा येतोय?" साडेनऊ वाजून गेले होते आणि खरंच, दुपारच्या डब्यानंतर माझ्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. दिवसभराची दगदग वेगळीच. त्याच सकाळी मी घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला होता. नवी साडी, गॅलरीतल्या कुंड्या, कोवळं ऊन. भराभर अंगठे आले, बदाम आले, तिघीचौघींनी "फ्रेश दिसतेस" असं लिहिलं. आईनंही तो फोटो पाहिला होता. फोटोवरून तिला काही कळलं नाही. "मजेत" म्हटल्यावर लगेच कळलं.

आवाज लपत नाही, म्हणूनच मला आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. माझं अर्धं आयुष्य आवाजाच्याच कामात गेलं आहे. नैमित्तिक उद्घोषक म्हणून मी स्टुडिओत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मुलाखती स्पूलच्या टेपवर होत. पाव इंच रुंदीची तपकिरी टेप, यंत्रावरून सेकंदाला साडेसात इंच या वेगानं सरकायची. काही काढून टाकायचं असेल तर दोन्ही रिळं हातानं मागेपुढे फिरवून शब्द नेमका कुठं सुरू होतो ते ऐकायचं. सावकाश फिरवलं की माणसाचा आवाज गुहेतून आल्यासारखा घोगरा यायचा. मग टेपेवर पिवळ्या पेन्सिलीची खूण, ब्लेडनं तिरका काप, आणि दोन टोकं जुळवून वरून चिकटपट्टी. बोटांना त्या टेपेचा गुळगुळीतपणा अजून आठवतो.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. खोकला काढ, अडखळणं काढ, कुणी चुकून टेबलावर हात आपटला तर तेही काढ, पण श्वास काढू नकोस. श्वास काढलास की ऐकणाऱ्याला माणूस गुदमरल्यासारखा वाटतो. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून ते त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून घेत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, श्रोतेहो. पंख्याची, भिंतींची, खिडकीबाहेरच्या रस्त्याची. जोडकामात मध्ये जागा सोडायची वेळ आली तर त्याच खोलीची शांतता लावायची. कोरी टेप लावली तर तिथं आवाजाला भोक पडल्यासारखं वाटतं.

आता मोबाइलवर येणारे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ एकदा डोळे मिटून ऐका. बोलणाऱ्याचा श्वासच नसतो. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर येतं. ती माणसं अशी बोलत नसतात, तसं बोलणं कुणालाच जमणार नाही. मधले श्वास, मधलं थांबणं कापून टाकलेलं असतं, कारण क्षणभर जरी गप्प राहिलं तरी बघणाऱ्याचा अंगठा वर सरकेल ही भीती. अशी वीस-पंचवीस माणसं ओळीनं ऐकली की आपलाच श्वास वर चढतो. मला तरी चढतो. रात्री दिवा मालवल्यावर छातीत जे धडधडत राहतं, त्यातली थोडी धडधड या उसन्या घाईची असते असं मला मनापासून वाटतं.

आणि ही घाई नुसती ऐकणाऱ्याला छळत नाही. गेल्या गणपतीत माझी भाची उकडीचे मोदक करत होती. चोवीस वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच एकटीनं. उकड मऊसूत मळली होती, कळ्या नाजूक आल्या होत्या. मोदकपात्राचं झाकण काढतानाची वाफ तिला व्हिडिओत हवी होती. एकदा मध्येच कुकरची शिट्टी झाली. एकदा तिचा शब्द चुकला. एकदा मागून आजोबा धोतर नेसून गेले. तिनं झाकण परत लावायचं, परत काढायचं. अकराव्या की बाराव्या खेपेला वाफ संपली होती आणि मोदकांना वरून पाणी सुटलं होतं. ती ओट्याला टेकून रडायला लागली. म्हणाली, "मावशी, माझे मोदक चांगले झाले होते गं." झालेच होते. आम्ही ते तसेच, तुपाची धार सोडून, खाल्ले. पण तिच्या घशाखाली घास उतरेना. मला त्या मुलीचा राग आला नाही. कळ्या काढताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं होतं, आणि मोबाइल समोर उभा केल्यावर ते कसं निघून गेलं तेही पाहिलं होतं.

मेरियम-वेबस्टर या अमेरिकेतल्या शब्दकोशानं २०२३ सालचा शब्द म्हणून 'ऑथेंटिक' हा शब्द निवडला. लोक तो शब्द फार शोधत होते म्हणून. आपल्याकडे त्याला अस्सल म्हणतात. सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहिलेलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मला ते तीन शब्द फार आवडतात. ही नक्कल आहे हे त्यात उघड सांगितलं आहे, आणि ती मुळाबरहुकूम आहे याची जबाबदारीही कुणीतरी सही करून घेतली आहे. फ्रान्समध्ये जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर २०१७ पासून तसं लिहावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून तसाच कायदा आहे. आवाजातून कापलेल्या क्षणांसाठी अशी पाटी मी तरी कुठं ऐकलेली नाही. ती पाटी मीच लावायला हवी होती, असं एकदा घडलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर मी मुलाखती घ्यायला तिकडं गेले. नदीकडच्या एका गल्लीत एक आक्का खानावळ चालवायच्या. भिंतीवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ, दारात भिजलेल्या गाद्यांचा ढीग, आणि सगळीकडं तो कुबट ओला वास. उलट्या घातलेल्या पातेल्यावर बसून त्या माझ्याशी बोलल्या. मी विचारलं, "आक्का, घरात परत आलात तेव्हा पहिल्यांदा काय बघितलंत?" त्या गप्प झाल्या. बांगड्या मागे सारल्या. आणि मग म्हणाल्या, "चूल."

तो कार्यक्रम इंटरनेटवर ऐकण्यासाठी होता. मुदत जवळ आली होती, पंधरा मुलाखती हातात होत्या. संगणकावर लांबलेल्या शांतता आपोआप कापून टाकायची सोय असते, एक बटण दाबलं की झालं. मी ते दाबलं आणि पुन्हा ऐकलंही नाही. कार्यक्रम लोकांना आवडला. महिन्याभरानं आक्कांचा फोन आला. भाच्यानं त्यांना ऐकवला होता. कौतुकानं बोलल्या, सगळ्यांची चौकशी केली, आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, एक बोलू का? मी इतक्या झटक्यानं चूल म्हणाले नव्हते बघा. लोकांना वाटेल हिनं पाठ करून ठेवलंय."

मी मूळ रेकॉर्डिंग काढून मोजलं. माझा प्रश्न आणि त्यांची 'चूल' यांच्यामध्ये सहा सेकंद होते. जुन्या टेपेवर सहा सेकंद म्हणजे ४५ इंच. सव्वा वार. तेवढी टेप ब्लेडनं कापली असती तर माझ्या पायाशी भेंडोळं पडलं असतं, मी वाकून ते उचललं असतं, आणि उचलताना तरी मनात आलं असतं की अगं, हे काय कापलंस. संगणकावर कापलेलं खाली पडत नाही. चूक मात्र संगणकाची नव्हती. ऐकायचं काम माझं होतं.

ते सहा सेकंद मी परत जोडले आणि पुढच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा मुद्दाम आक्कांकडं गेले. खानावळ पुन्हा सुरू झाली होती. भिंतींना नवा चुना दिला होता, पण दाराच्या चौकटीवरची चिखलाची रेघ त्यांनी तशीच ठेवली होती. दुपारची पंगत उठल्यावर आम्ही दोघी आत बसलो आणि मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. माझा प्रश्न आला. मग ती शांतता. बांगड्यांची किणकिण झाली, आणि तिच्या मागं, बरंच लांब, एक घरघर ऐकू येत होती. मला ती माझ्या यंत्राची खरखर वाटली होती. आक्कांनी हात वर करून मला थांबवलं. "परत लावा," म्हणाल्या. मी परत लावलं.

"ही मोटर," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी आणली होती. तीन दिवस माझ्या घरातला गाळ धुतला त्यांनी. एक पैसा घेतला नाही. तुमच्याशी बोलताना त्यांचं सांगायचं राहूनच गेलं, म्हणून रुखरुख लागली होती मला." मग मोबाइल माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुन्हा कानाला लावला आणि दाराकडं बघत म्हणाल्या, "पण आलंय की त्यात. ऐका."