काळी मेंदी: अर्ध्या तासात चढणारा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी बारा वर्षांची भाची डिचोलीला आमच्याकडे आली होती. एका रविवारी सगळ्यांबरोबर कळंगुटच्या किनाऱ्यावर गेली आणि दंडावर काळ्या मेंदीने विंचू काढून घेऊन आली. काळाकुळकुळीत, अगदी खऱ्यासारखा. "मावशी, बघ, अर्ध्या तासात रंगला!" मीही कौतुकच केलं.

आठ-दहा दिवस काही झालं नाही. मग दंड खाजू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या विंचवाच्या जागी पाण्याने भरलेले फोड. नांगी, आकडे, आठही पाय, चित्रात होते तसेच कातडीवर फुगून आलेले. पोर रात्रभर झोपली नव्हती.

खरी मेंदी काळी नसतेच. सुकून खरवडली की आधी नारिंगी दिसते, दुसऱ्या दिवशी लालसर तपकिरी होते. त्यासाठीच तर आपण ती रात्रभर हातावर ठेवतो, लिंबू-साखरेचं पाणी लावतो, तव्यावरच्या लवंगांचा धूर घेतो. अर्ध्या तासात काळाभोर रंग चढला तर त्यात पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, असण्याची दाट शक्यता. केसांच्या काळ्या कलपात असतं तेच हे रसायन. युरोपात कलपात ते २ टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि कातडीवर लावायला मुळीच परवानगी नाही. किनाऱ्यावरच्या कोनात ते किती आहे, हे त्या कोनावर लिहिलेलं नसतं. वाळूत बसून चित्रं काढणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. कोनात काय भरलंय हे त्यांना तरी कुठे कोण सांगतं?

फोड बरे होतात, कधी मागे पांढुरका डाग किंवा व्रण ठेवून. पण शरीर हे रसायन विसरत नाही. पहिल्या वेळी त्रास दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत उसळतो. ही ॲलर्जी सहसा जन्मभराची. पुढे वीस वर्षांनी केसांना कलप लावला तर चेहरा, डोळे सुजू शकतात. गडद कपड्यांचे काही रंग आणि बेंझोकेनसारखी बधिर करणारी औषधंही अशांना बाधू शकतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही ही गोष्ट आधी सांगायला हवी.

कुणी लावून घेतलीच असेल, तर लगेच साबणाने धुवा. फोड आले तर हळद-तेल चोळत बसू नका, ते फोडूही नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे. चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट इस्पितळ गाठा.

भाचीच्या दंडावर त्या विंचवाची फिकट रेघ अजून दिसते. मी केसांना कलप लावते. ती वाटी दिसली की पोर दारातच थांबते आणि विचारते, "मावशी, हात धुतलेस ना?"