नववा माणूस : जॉन यंग आणि चाचणी वैमानिकाची नजर

चंद्रावर पहिलं पाऊल कुणी टाकलं हे शाळेतलं पोरही सांगेल. नववा कोण, म्हटलं की सभागृहं गप्प होतात. आत्ताही झालंच तसं. त्याचं नाव जॉन यंग. चाचणी वैमानिक ही जात नेमकी काय असते हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते आर्मस्ट्राँगपेक्षा यंगकडे बघावं. आर्मस्ट्राँगभोवती प्रभावळ फार जमली आहे, तिच्यातून माणूस दिसत नाही.

यंगचा जन्म १९३० सालचा. जॉर्जिया टेकमधून १९५२ मध्ये विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो अमेरिकी नौदलात गेला, आधी विनाशिकेवर आणि मग वैमानिक म्हणून. १९५९ मध्ये पॅटक्सेंट रिव्हरच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेतून तो बाहेर पडला. १९६२ च्या फेब्रुवारीत त्याने फँटम विमान धावपट्टीवरून तीन हजार मीटर उंचीवर नेलं, साडेचौतीस सेकंदांत. तो विश्वविक्रम होता.

आता विक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिवावर उदार झालेला, मिशीला पीळ भरणारा गडी उभा राहतो. तसल्या गड्याला या धंद्यात कोणी उभं करत नाही. चाचणी वैमानिकाच्या मांडीवर एक कार्ड असतं. अमुक उंची, अमुक वेग, दांडा एवढा ओढ, काय होतं ते बघ. मग पुढची ओळ. खाली उतरल्यावर अहवाल लिहायचा. ‘विमान छान आहे’ या वाक्याला तिथे काडीची किंमत नसते. कुठे थरथरलं, किती, कशानंतर, थांबलं की वाढलं, हे सांगावं लागतं. पुढे तर विमान हाताळायला कसं आहे याला एक ते दहा आकडे देण्याची पद्धतच रूढ झाली : एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे ताबा सुटणार. भीतीलाही आकडा द्यायचा, असा हा सगळा मामला.

सप्टेंबर १९६२ मध्ये नासाने त्याला निवडलं. १९६५ मध्ये ग्रिसमबरोबर जेमिनी ३ या दोन माणसांच्या यानातून तो पहिल्यांदा अवकाशात गेला. यानाची कक्षा माणसांनी स्वतः बदलण्याचं काम त्या उड्डाणात पहिल्यांदा झालं. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं ते यंगने खिशातून चोरून नेलेलं सँडविच! पावाचे कण यंत्रात गेले असते म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये त्यावर नाराजी व्यक्त झाली. मग जेमिनी १०, मग अपोलो १०. त्या वेळी दोघं साथीदार खाली चंद्राच्या जवळ गेले होते आणि हा एकटा वर फेऱ्या मारत होता.

अपोलो १६ पाशी जरा थांबू. एप्रिल १९७२. यंग आणि ड्यूक चांद्रयानात बसून मुख्य यानापासून सुटे झालेले. वर मुख्य यानात थांबलेला तिसरा साथीदार मॅटिंग्ली मुख्य इंजिन चालवून कक्षा गोल करणार होता. त्याने तपासणी केली तर इंजिनाची दिशा वळवणारी राखीव यंत्रणा थरथरायला लागली. आता हे राखीव होतं, मुख्य यंत्रणा ठणठणीत होती. पण नियम स्पष्ट होता : दोन्ही चालत असतील तरच उतरायचं, कारण त्याच इंजिनावर घरी यायचं असतं. चंद्र खाली दिसतोय आणि परत फिरण्याची वेळ आलेली. दोन्ही यानं जवळजवळ उडत राहिली, पृथ्वीवर अभियंत्यांनी तीच थरथर पुन्हा निर्माण करून बघितली आणि यंत्रणा वापरण्याजोगी आहे असा कौल दिला. जवळपास सहा तास उशिराने ते उतरले.

उतरल्यावर यंगने काय केलं? चांद्रगाडी पिटाळली, वळवली, करकचून ब्रेक लावले. ड्यूक चित्रीकरण करत होता. ती फिल्म बघताना आपल्याला गंमत वाटते, पण ती रीतसर चाचणी होती. चाकं किती उडतात आणि माती कशी फेकतात हे हवं होतं. त्याच मुक्कामात एका वायरीत त्याचा पाय अडकला आणि जमिनीतली उष्णता मोजण्याचा प्रयोग कायमचा बंद पडला. तिथेच त्याला बातमी कळली की नव्या अंतराळ शटलच्या, म्हणजे विमानासारखं परत उतरून पुन्हा वापरता येणाऱ्या यानाच्या, पैशाला प्रतिनिधिगृहाने मंजुरी दिली. देशाला ते शटल हवंच आहे, असं तो चंद्रावरून म्हणाला.

ते शटल पहिल्यांदा उडवायची वेळ आली तेव्हा कमांडर यंगच होता. १२ एप्रिल १९८१, सोबत क्रिपेन. याआधीची अमेरिकेची यानं माणसं बसवण्यापूर्वी रिकामी उडवून बघितली होती. या पहिल्या शटलची, कोलंबियाची, मात्र पहिलीच कक्षेतली फेरी माणसांसह. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीट होत्या, पण यानाला वर ढकलणारे बूस्टर रॉकेट जळत असताना त्या कितपत उपयोगी पडतील याची खुद्द दोघांनाही शंका होती.

उड्डाणाच्या क्षणी बूस्टरच्या दाबाची लाट अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली. तिने शेपटीखालची झडप मर्यादेपलीकडे ढकलली. हे आधी कळलं असतं तर सुरक्षित उंचीवर जाऊन आपण इजेक्ट केलं असतं, असं यंग नंतर म्हणाला. हेच वाक्य मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगून जातं. पहिल्या शटलचा कमांडर ते शटल टाकून द्यायलाही तयार होता, हिशेब तसा सांगत असता तर. उष्णतेपासून यान वाचवणाऱ्या सोळा टाइल्स गळाल्या होत्या. दोन दिवसांनी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाच्या कोरड्या तलावावर इंजिनाशिवाय, नुसतं तरंगत, त्याने ते उतरवलं. जिना उतरून तो थेट यानाखाली गेला, पोट आणि चाकं बघत फिरला. बाकी जग टाळ्या वाजवत होतं.

१९८३ मध्ये पुन्हा कोलंबिया. परतीच्या तयारीत यान वळवणारी छोटी इंजिनं, थ्रस्टर, पेटली आणि एक संगणक बंद पडला, काही मिनिटांत दुसराही. पहिल्यावेळी गुडघे लटपटले, दुसऱ्यावेळी आपला पार लगदा झाला, अशी त्याने स्वतःच कबुली दिली. घाई न करता उतरणं काही तास पुढे ढकललं. तपासात संगणकात सोल्डरचे, म्हणजे डाग देण्याच्या धातूचे, सुटे कण सापडले. उतरताना मागच्या भागात आग लागली होती, ती कळली नंतर.

जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर हे शटल फुटलं, सात जण गेले. यंग तेव्हा अंतराळवीरांचा प्रमुख होता आणि हबल दुर्बीण घेऊन जायची फेरी त्याच्या नावावर लागलेली होती. ती रद्द झाली. त्याने सुरक्षेतल्या त्रुटींची जंत्री टिपणात लिहून काढली, वेळापत्रकाच्या दबावाबद्दल स्पष्ट लिहिलं. टिपण वर्तमानपत्रांत पोचलं. १९८७ मध्ये त्याला प्रमुखपदावरून हलवून सल्लागाराच्या खुर्चीत बसवलं. बढती की शिक्षा, तुम्हीच ठरवा. माझं मत मी लपवत नाही : ती शिक्षाच होती. सातवी फेरी त्याला कधी मिळाली नाही.

पण तो नासा सोडून गेला नाही. टिपणं लिहीतच राहिला. बेचाळीस वर्षं नासात काढून २००४ अखेर निवृत्त झाला, आणि त्यानंतरही काही वर्षं सोमवार सकाळच्या अंतराळवीरांच्या बैठकीला येऊन बसत असे.