बडोद्याहून वॉटर्स ऐकायला

[दृश्य: दांडिया बाजार, संध्याकाळची वर्दळ]

बडोद्याला गाण्याची वाण कधीच नव्हती. 1886 साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून वाढलेलं संगीत महाविद्यालय सूरसागर तलावाजवळ आजही भरतं. फैयाज खाँसाहेब इथल्याच दरबाराचे गवई. पण प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, समोर बसून ऐकायचं तर मुंबई गाठावी लागते. फेब्रुवारी 2007 मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा पूर्वीचा गायक रॉजर वॉटर्स तिथं येणार म्हटल्यावर मी तीन तिकिटं काढली. मुलगा दहावीत होता, मुलगी आठवीत.

आई म्हणाली, "बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीये. आत्ता कसली मैफल?"

मी एवढंच विचारलं, "खाँसाहेबांच्या बैठकीला नानांनी तुला नेलं, तेव्हा तू कितवीत होतीस?"

प्रवासाच्या दशम्या तिनंच करून दिल्या.

[दृश्य: रेकॉर्ड प्लेअर, फिरणारी तबकडी]

घरात तेव्हा 'द डार्क साइड ऑफ द मून' रोज वाजत होतं. पिंक फ्लॉइडचा 1973चा अल्बम. त्यातल्या 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीला नाणी खळखळतात, कागद फाटतो, गल्ला उघडतो. हे आवाज टेपवर घेऊन त्या टेपचे सारख्या लांबीचे सात तुकडे कापले, एकापुढे एक जोडले आणि ते वेटोळं यंत्रावर फिरत ठेवलं. गाण्याचा ठेकाच त्यातून उभा राहतो. तबल्याच्या क्लासला जाणारी माझी लेक मांडीवर हात मारत म्हणाली, "बाबा, सात मात्रा आहेत. रूपक ताल धरता येतो!" इतकी वर्षं ऐकत होतो, मला कधी सुचलं नव्हतं.

[दृश्य: हाताच्या तळव्यावर फोमचे दोन छोटे बोळे]

पोरांना अशा मैफलीला न्यायचं तर कानांची काळजी आधी. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट तसंच ठेवायचं. गाणं ऐकू येतं, फक्त त्याचा मारा कमी होतो. यात मी तडजोड करत नाही.

मुंबईच्या मैफलीत मध्यंतरानंतर हा अख्खा अल्बम वाजला. स्पीकर चारी बाजूंना होते. त्यातल्या 'टाइम' या गाण्याची घड्याळं पाठीमागून ठणठणली तसा मुलगा गर्रकन वळला. घरच्या दोन स्पीकरांवर हे कुठून मिळणार?

मग 'मनी'. लेक अंगठ्यानं पेरं मोजत होती. तीन, दोन, दोन, रूपकासारखं. सॅक्सोफोन झाला तरी सात कायम. गिटार सुरू झाली आणि तिचा अंगठा अडला. तिनं माझ्याकडे नाही, भावाकडे पाहिलं. त्यानं चार बोटं वर केली. बरोबर होतं, गिटारच्या तुकड्यात गाणं चार मात्रांवर येतं. मला सांगायची फार घाई झाली होती, पण गप्प राहिलो. आपण आधी सांगून टाकलं की पोरांच्या वाट्याला शोधायला काही उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: रात्रीची गाडी, खिडकीबाहेर स्टेशनांचे दिवे]

परतीच्या गाडीत दोघांचं त्यावरूनच जुंपलं. तो म्हणे लय वाढली, ती म्हणे नाही, रूपक सुटून केरवा ताल लागला. सुरतेपर्यंत चाललं होतं.

घरी पोचल्यावर तिनं आजीपुढे तबला काढला आणि रूपकाचा ठेका धरला. आजीनं तो नीट ऐकून घेतला.

"आणि सुटतो कुठं म्हणालीस?"

"गिटारपाशी. थांब, लावतेच."