कॉमन मीटर

[सकाळचे साडेनऊ. जिन्याखालची मीटररूम.]

सात मजली सोसायटी. मीटररूमच्या दारात कुणाची तरी पंक्चर सायकल. ती सरकवून आत गेलं की भिंतीवर ओळीनं मीटर, प्रत्येकावर फ्लॅटचा नंबर. एकावर मात्र नुसतं ‘कॉमन’.

त्यावरचा हा तांबडा दिवा बघा. तो 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट, तसं मीटरवरच बारीक अक्षरांत छापलेलं आहे. माणसं कामाला गेली, शेजारचे दिवे सावकाश झाले. हा मात्र मिनिटाला चाळीसेक वेळा लुकलुकतोय.

कशापायी? वर जाऊन बघू.

[जिना. खिडकीतून ऊन.]

जिन्यात लख्ख उजेड आणि ट्यूब चालूच. मजल्याला दोन, एकूण चौदा. जुन्या पद्धतीच्या, चोक धरून प्रत्येकी 55 वॉट. रात्रीचे बारा तास जळाल्या तर महिन्याला 277 युनिट. सकाळी सातऐवजी दहाला बंद केल्या तर आणखी 69. त्याच जागी 20 वॉटच्या एलईडी ट्यूब लावल्या, तर रात्रीचं काम शंभरेक युनिटांत भागतं.

घरच्या बिलात शंभर युनिटांचा पहिला टप्पा ओलांडू नये म्हणून ‘पंखा बंद कर’ असं ओरडणारे आपणच. दार ओढून जिन्यात आलो की ट्यूब दिसेनाशी होते. कारण हे बिल घरी येतच नाही. ते मेंटेनन्सच्या पावतीत विरघळून येतं. लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यांनी का भरायचा, यावर सर्वसाधारण सभेत तासभर भांडण होतं (उपविधींप्रमाणे सगळ्यांनी सारखाच भरायचा असतो). युनिट किती जळाले, हे विचारलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

[लिफ्ट. दोन्ही बाण पेटलेले.]

‘लवकर येईल’ म्हणून दोन्ही बटणं दाबायची आपली जुनी खोड. लवकर काही येत नाही. नको त्या दिशेला निघालेली लिफ्टही आपल्या मजल्यावर उगाच थांबून जाते.

आणि उतरताना कुठे वीज लागते, असं वाटत असेल तर वर मशीनरूममध्ये डोकावा. लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा बरंच जड. रिकामी लिफ्ट वर जाते ती त्या वजनाच्या ओढीनं. खाली येताना मोटरला ते वजन उचलावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरून एकटा माणूस लिफ्टनं खाली येतो तेव्हा मोटर खरी घाम गाळते. गुडघे दुखणाऱ्या आजींनी खुशाल लिफ्टनं यावं. बाकीच्यांना जिना आहेच.

[गच्ची. टाकी वाहतेय.]

पंप सुरू झाला की खालचा तांबडा दिवा सेकंदाला तीनदा मारतो. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3730 वॉट. पंप लावून वॉचमनकाका गेटवर कुरिअर घ्यायला गेले आणि टाकी अर्धा तास वाहिली, की दोन युनिट गटारात. दोष काकांचा नाही. टाकीत फ्लोट स्विच बसवला असता तर टाकी भरताच पंप आपणहून थांबला असता.

पाण्याची आणखी एक गंमत. पंप-मोटरमधली घट धरली, तर एवढ्या उंचीवर पाच हजार लिटर चढवायला साधारण एक युनिट जातं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लश रात्रभर गळत असेल तर पाण्याबरोबर कॉमन मीटरही गळतोय. तो फ्लश कुणाचा, ते प्लंबरला ठाऊक असतं. सोसायटीला नसतं.

[पुन्हा मीटररूम.]

सध्या आम्ही एवढंच केलं. सूचनाफलकावर, पार्किंगच्या भांडणाच्या नोटिशीशेजारी, कॉमन मीटरचं आजचं रीडिंग खडूनं लिहिलं. पुढच्या एक तारखेला त्याखाली दुसरा आकडा येईल.

तोवर काका सातव्या मजल्यावर पोचलेत. एकेका मजल्यावरून बटणांचा खटका ऐकू येतो. सहावा. पाचवा. चौथा. खाली तांबडा दिवा मंदावतो. दोन लुकलुकींमध्ये आता श्वास घेण्याइतकी जागा आहे.